पाच वीत नळी : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात बंदुकीच्या लांबीचा विचार

पेशवाईच्या अखेरच्या लढायांसंबंधी आपल्याकडे एक विधान पुष्कळदा ऐकू येते. इंग्रजांच्या बंदुका लांब पल्ल्याच्या होत्या, पेशव्यांच्या बंदुका जुनाट व आखूड पल्ल्याच्या होत्या, आणि निकाल त्यामुळेच लागला, असे ते विधान. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईला ते लावले जाते तेव्हा तर त्याविषयी कोणी शंकाही घेत नाही. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक नव्हे. त्याचा व्यवसाय शब्दांचा आहे. परंतु शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत बोलींची शब्दसामग्री जमविताना बंदुकीच्या अवयवांची नावे हाती आली, त्या नावांच्या मागोमाग मापे आली, आणि ती मापे शेजारी शेजारी मांडली असता वरील विधान टिकत नाही असे दिसून आले. किंबहुना वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. म्हणून हे टिपण.

प्रश्न दिसायला साधा आहे. सैनिकाच्या हाती द्यावयाच्या बंदुकीची नळी किती लांब असावी? नळी लांब केली तर दारूच्या वायूला गोळी ढकलण्यास अधिक अवकाश मिळतो, गोळीचा वेग वाढतो, तोंडाकडील माशी व डोळा यांत अंतर पडल्याने नेमही चांगला धरता येतो. आखूड केली तर ओझे कमी होते, घोड्यावर, गल्लीत, दारात ती वळविता येते, आणि लोखंड व मजुरी वाचते. या दोन टोकांच्या दरम्यान कोठे थांबावयाचे हे गणिताने पूर्णपणे ठरत नाही. ते ठरविणाऱ्याच्या मनात त्या सैनिकाचे एक चित्र असते : तो उभा आहे की ओणवा, एकटा आहे की रांगेत, भिंतीआड आहे की खोगिरावर. नळीची लांबी म्हणजे त्या चित्राची नोंद होय. शिरूरच्या छावणीपासून दौंडच्या राखीव पोलिसांपर्यंत अशा नोंदींची एक मालिकाच या भागात मिळते.

प्रथम शब्दांकडे वळू. ‘बंदूक’ हा अरबी शब्द मुळात गोळीचा वाचक आहे. हत्याराला तिच्यामुळे नाव पडले. ‘बरकंदाज’ हा फारसी सामासिक शब्द, वीज फेकणारा. ‘काडतूस’ व ‘पिस्तूल’ पोर्तुगीजांकडून आली, ‘कराबीन’ युरोपीय घोडदळाकडून. म्हणजे हत्यार, गोळी, भाता हे सर्व परके. परंतु ज्या अवयवाची येथे चर्चा चालली आहे त्याचे नाव मात्र घरचे आहे : नळी. याच नलिका-नाल कुळातील ‘नाल’ घेऊन मोगल काळात फारसी-हिंदी समास घडले. शुतरनाल उंटावरची, गजनाल हत्तीवरची, आणि ‘आईन-इ-अकबरी’त उल्लेखिलेली नरनाल म्हणजे एका माणसाने उचलण्याजोगी. या समासांत एक बारकावा आहे. नळी कशाने वाहून न्यावयाची, हत्तीने, उंटाने की माणसाने, यावरून तिचे वर्ग पाडलेले आहेत. ती किती दूर मारते हा त्या वर्गीकरणाचा विषयच नाही. शस्त्रशास्त्रज्ञ जे आज सविस्तर सांगतात ते या शब्दांनी आधीच गृहीत धरले होते.

ठासणीच्या बंदुकीचे शब्द शिरूर तालुक्यातील वृद्धांच्या बोलण्यात अजून सापडतात : तोडा म्हणजे पेटती वात, रंजक म्हणजे कानापाशी घालावयाची बारीक दारू, कान म्हणजे ते छिद्र, चाप, दस्ता, आणि दारू ठासण्याचा गज. गज हा शब्द मोजपट्टीलाही तोच आहे; फारसीतही दोन्ही अर्थ आहेत, आणि ज्या दांड्याने नळी ठासावयाची त्याच्या नावानेच लांबी मोजली जावी ही गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ‘फुसका बार’ तर आजही राजकीय वार्तापत्रांत निघतो. बार भरणे ही क्रिया मात्र कोणी पाहिलेली नसते.

या फिरतीत एका जुन्या वाड्यात भिंतीला टांगलेली तोड्याची बंदूक पाहावयास मिळाली. घरच्या वृद्धांना तिची लांबी विचारली. त्यांनी टेप मागितली नाही. अंगठा व करंगळी ताणून नळीवरून हात चालवीत ते म्हणाले, “पाच वीत आणि वर चार बोटं.” इतकी लांब कशाला, असे विचारताच त्यांनी वाड्याच्या पडक्या बुरुजाकडे बोट केले. जंगीतून नळीचे तोंड भिंतीबाहेर गेले पाहिजे. आत राहिले तर धूर व धग घरातच, आणि नेम तर मुळीच नाही. गोळीच्या वेगाचा त्यांनी उल्लेखही केला नाही. नळीची लांबी भिंतीच्या जाडीने ठरते, हे उत्तर मला कोणत्याही ग्रंथात मिळाले नव्हते. ते सर्वच बंदुकांना लागू पडेल असा माझा दावा नाही. पण गढ्यांच्या मुलखात ते अगदी स्वाभाविक आहे.

‘पाच वीत’ हे शब्द ऐकताच एक वेगळीच आठवण झाली. ‘शुक्रनीति’ या संस्कृत ग्रंथात नालिक नावाच्या अस्त्राचे वर्णन आहे. त्याचे लघु व बृहत् असे दोन प्रकार सांगितले असून पायदळ व घोडेस्वार यांनी वापरावयाच्या लघुनालिकाची लांबी पाच वितस्ति दिली आहे. वितस्ति म्हणजे आपली वीत; बारा अंगुळांची, स्थूलमानाने नऊ इंचांची. पाच वितस्ति म्हणजे पंचेचाळीस इंच. या उताऱ्याच्या आधारे प्राचीन भारतात बंदुका होत्या असे प्रतिपादन गेल्या शतकापूर्वीच्या विद्वानांनी मोठ्या उत्साहाने केले. पुढे लल्लनजी गोपाल यांनी १९६२ साली हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकातील असावा असे साधार दाखविले, आणि त्या प्रतिपादनातील हवा गेली. परंतु ग्रंथ अर्वाचीन ठरला म्हणून तो उतारा निरुपयोगी ठरत नाही. उलट आपल्या कामासाठी तो अधिकच मोलाचा ठरतो. ग्रंथकाराने आपल्या डोळ्यांसमोरील तोड्याची बंदूक पाहून, तिचे माप घेऊन, ते ऋषींच्या तोंडी घातले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या संधीवर हिंदुस्थानी बंदुकीची नळी सर्वसाधारणपणे पाच विती असे, याची ती नकळत दिलेली साक्ष आहे. संग्रहालयांतील तोड्याच्या बंदुकाही बहुधा याच मापाच्या आसपास किंवा त्याहून लांब भरतात. अकबराच्या काळी तर ‘आईन’मध्ये सुमारे दोन गज व सव्वा गज अशी दोन मापे नोंदलेली आहेत.

आता कंपनीच्या बंदुकीकडे वळू. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या पायदळाकडे जी चकमकीची बंदूक होती, जिला सामान्यतः ‘ब्राऊन बेस’ म्हणतात, तिची नळी ४६ इंचांची होती. पाच वितींहून एक इंच अधिक. म्हणजे आरंभी दोन्ही पक्ष जवळजवळ एकाच मापावर होते. नंतर ती ४२ इंचांवर आली. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजांसाठी मात्र स्वतंत्र नमुना तयार करविला. त्याची नळी ३९ इंचांची. पितळी जोडसामान साधे, लाकूड हलके, मजुरी थोडी. व्यापारी कंपनीच ती. हजारोंनी बंदुका घ्यावयाच्या आणि जहाजाने सहा महिन्यांच्या अंतरावर पाठवावयाच्या, तेव्हा प्रत्येक इंच लोखंडाचा हिशेब ती करणारच. पुढे फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर इंग्लंडच्या सरकारला बंदुकांचा तुटवडा पडला. त्याने कंपनीच्या बंदुका विकत घेतल्या, आणि १७९७ साली तोच नमुना आपल्या सैन्यासाठीही स्वीकारला. त्याचे अधिकृत नाव ‘इंडिया पॅटर्न’ असे पडले. वॉटर्लूच्या रणांगणावर इंग्रज पायदळाच्या हाती बहुतांशी जी बंदूक होती तिची लांबी अशा रीतीने हिंदुस्थानच्या व्यापारासाठी ठरविली गेली होती. तंत्र नेहमी पश्चिमेकडूनच पूर्वेकडे आले असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सात इंच कमी केल्याने काय बिघडले? फारसे काही नाही, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या बंदुकीच्या नळीचा व्यास पाऊण इंच, गोळीचा त्याहून बराच कमी, सुमारे ०.६९ इंच. गोळी सैल ठेवण्याचा हेतू असा की, दारूच्या काजळीने नळी माखली तरी गजाच्या एका दोन ठोक्यांत ती तळाशी जावी. सैल गोळीभोवतालून वायू निसटतो, गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडते आणि शेवटचा धक्का जिकडे बसला तिकडे जाते. अशा नळीला आणखी सात इंच जोडून नेम सुधारत नाही. शंभर यार्डांपलीकडे एका माणसाला टिपण्याची आशा कोणी करीतही नसे. तोड्याच्या बंदुकीत गोळी घट्ट बसविलेली, नळी जाड व लांब, मारणारा बसून वा आधारावर टेकून शिस्त धरणारा. भरण्यास वेळ लागे. पण पल्ला व अचूकपणा या दोन्ही बाबतींत ती वरचढ होती. पहिल्या अफगाण युद्धात (१८३९-४२) अफगाणांच्या लांब नळीच्या जझाइलींनी कंपनीच्या पलटणींना त्यांच्या माऱ्याच्या टापूबाहेरून टिपले, ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे.

म्हणजे १८१८ मध्ये लांब नळी पेशव्यांच्या बाजूस होती, आखूड कंपनीच्या.

शिरूर, लोकांच्या तोंडी घोडनदी, येथे वसईच्या तहानंतर कंपनीची छावणी पडली होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन हा मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण घेऊन पुण्याच्या मदतीसाठी येथूनच निघाला. सुमारे पाचशे पायदळ, अडीच-तीनशे घोडेस्वार, मद्रास तोफखान्याचे चोवीस गोरे गोलंदाज व सहा पौंडी दोन तोफा. रात्रभर चालून सकाळी दहाच्या सुमारास ही तुकडी भीमेकाठी कोरेगावाजवळ आली तो समोर पेशव्यांची फौज. स्टाँटनने गावात शिरून आसरा घेतला. गावाची मातीची भिंत जागोजाग ढासळलेली होती. पेशव्यांकडून अरब, गोसावी व कवायती पायदळ यांच्या प्रत्येकी सुमारे सहाशेंच्या तीन टोळ्या गावावर चालून आल्या. घोडदळाचा मोठा भाग सभोवार उभा राहिला. अरबांनी गावातील एक भक्कम जागा धरली, आणि दिवसभर गल्ल्यांतून, अंगणांतून, तोफांभोवती झुंज चालली.

या लढाईत पल्ल्याला अर्थ किती उरला असेल ते सांगावयास नको. धाब्याच्या घरांमधील बोळात समोरचा माणूस दहा पावलांवर असतो. तेथे शंभर यार्ड आणि दोनशे यार्ड यांत भेद नाही. पाच वितींच्या नळीला आपला एकमेव गुण दाखविण्यासाठी जे मोकळे मैदान हवे होते ते भिंतींनी हिरावून घेतले. ज्या बंदुकीचा जन्म जंगीतून मारण्यासाठी, तिच्या धन्याला येथे जंगीवर हल्ला करावा लागत होता. उलट ३९ इंची बंदूक मिनिटाला दोन-तीन वेळा भरता येई आणि तिच्या टोकाला संगीन लावली की सहा फुटांचा भाला हाती येई. तोड्याच्या बंदुकीला सर्वसाधारणपणे संगीन नसे. बार काढल्यावर अरबाला जंबियावर यावे लागे. येथे कंपनीचा सरसपणा होता खरा, पण तो लांब नळीचा नव्हे, आखूड नळीचा आणि तिच्या भोवती बसविलेल्या कवायतीचा. तरीही तो सरसपणा निर्णायक होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. रात्रभर चालून आलेल्या माणसांना दिवसभर पाणी मिळाले नाही. एक तोफ काही काळ हातची गेली. आठशेंहून किंचित अधिक माणसांपैकी २७५ मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. एवढ्या हानीनंतर जे उरले ते उभे राहिले याचे उत्तर नळीत शोधणे हा उभे राहणाऱ्यांवर अन्याय आहे.

ग्रँट डफने एक प्रसंग नोंदविला आहे तो या विषयाच्या दृष्टीने बोलका आहे. गेलेली तोफ परत घेण्याच्या वेळी लेफ्टनंट पॅटिन्सन हा धिप्पाड अधिकारी शरीरातून गोळी आरपार गेलेल्या स्थितीत पडला होता. तो उठला, त्याने एक बंदूक तोंडाकडून, म्हणजे नळीला धरून उचलली, आणि अरबांच्या घोळक्यात घुसून दस्त्याने दोन्ही बाजूंस प्रहार करीत सुटला. दुसऱ्या गोळीने तो खाली पडेपर्यंत. ३९ इंच नळीचा त्या क्षणी उपयोग सोट्याच्या मुठीसारखा झाला. युरोपातील शस्त्रनिर्मात्यांची सारी मोजमापे त्या बोळात आदिम अवस्थेला येऊन पोचली होती.

स्मारकस्तंभावर कंपनीच्या मृत सैनिकांची ४९ नावे आहेत. त्यांतील २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ हे पद आहे, जे महार समाजातील पुरुषनामांचे त्या काळचे चिन्ह होते. भाषेच्या अभ्यासकाला त्या शिलालेखात नामप्रत्ययाचा एक पुरावा दिसतो. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले तेव्हा त्यांना, आणि आज दरवर्षी तेथे येणाऱ्या लाखो लोकांना, त्यात फार अधिक काही दिसते, आणि ते योग्यच आहे. लांब पल्ल्याच्या बंदुकीचे विधान येथे केवळ तांत्रिक चूक म्हणून सोडून देता येत नाही ते याचसाठी. ते मान्य केले की दोन्ही बाजूंची माणसे दृश्यातून नाहीशी होतात : आत तहानलेला सैनिकही, आणि ढासळलेल्या भिंतीवर चढून येणारा अरबही.

‘शिस्त’ हा शब्द वर एकदा आला आहे. त्याचा जुना अर्थ नेम; शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. आज त्याचा अर्थ अनुशासन. कंपनीच्या बंदुकीला नेम धरण्याची खरी सोय नव्हती. रांगेतील शंभर माणसांनी एकाच हुकुमावर एकाच दिशेला बार काढावा, एवढीच अपेक्षा होती. तिला पहिल्या अर्थाची शिस्त नको होती, दुसऱ्या अर्थाची हवी होती. हे अर्थांतर कवायतीमुळेच घडले असे सिद्ध करता येईल असे नाही. परंतु दोन शस्त्रांमधील फरक एका शब्दाच्या दोन अर्थांत इतका नेमका मावावा, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी तपासून पाहण्याजोगी आहे.

१८५३ च्या एनफिल्ड बंदुकीत नळीला आतून पेचदार खाचा आल्या. ‘रायफल’ हे नाव त्या खाचांवरूनच पडले. मराठीत आल्यावर तो अर्थ सुटला आणि कोणत्याही लांब सरकारी बंदुकीला आपण रायफल म्हणू लागलो. खाचांमुळे पल्ला अनेक पटींनी वाढला, तरीही लांबी ३९ इंचच ठेवली. नेमासाठी इतकी गरज नव्हती. कारण निराळे होते : पायदळ दोन रांगांत उभे राही, आणि मागच्या सैनिकाच्या नळीचे तोंड पुढच्याच्या कानापलीकडे जाणे आवश्यक होते. ते न गेल्यास आपलाच माणूस भाजे. शिवाय घोडेस्वाराला रोखण्यास संगिनीची पोच हवी. ज्या तुकड्या रांग सोडून लढत त्यांना याच बंदुकीची ३३ इंची आवृत्ती मिळे. सत्तावन्नच्या उठावानंतर देशी पलटणींसाठी जो नमुना आला त्याची नळीही बाहेरून तेवढीच लांब होती, मात्र आतून गुळगुळीत. इंग्रज सरकारने लांबी तशीच ठेवून विश्वास तेवढा काढून घेतला. पुढे कित्येक दशके देशी सैनिकाच्या हाती गोऱ्या सैनिकाच्या मागच्या पिढीचे हत्यार राहिले.

घोडेस्वारांचा प्रश्न वेगळाच होता. १८१७ च्या पुणे तहानंतर उभ्या राहिलेल्या व शिरूरशी दीर्घकाळ निगडित असलेल्या ‘पूना हॉर्स’सारख्या रिसाल्यांतील शिलेदार आपले घोडे व आपली हत्यारे घेऊन येत. खोगिरावर पाच वीत नळी ठासणे हे दिव्यच. युरोपीय घोडदळाने त्यावर कराबिनीचा तोडगा काढला. इंग्रजी घोडदळाची एक कराबीन अवघ्या १६ इंच नळीची होती. पायदळाची लांब व घोडदळाची आखूड हा भेद पुढे शंभर वर्षे टिकला. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धानंतर तो मोडला. १९०३ च्या सुमारास आलेल्या ‘शॉर्ट’ ली-एनफिल्डची नळी २५.२ इंचांची, दोन्ही दळांना एकच. पायदळाला ती फार आखूड आणि घोडदळाला फार लांब, अशी टीका झाली. दोन्ही टीकाकारांचे समाधान न करणारे माप बहुधा बरोबर असते. धूर न करणारी नवी दारू आल्यामुळे इतक्या लांबीतही पुरेसा वेग मिळू लागला होता. मात्र संगिनीची पोच कमी झाल्याची हुरहुर काही गेली नाही. १९०७ मध्ये संगिनीचे पातेच १७ इंचांचे केले गेले. नळी कापून जे वाचविले त्यातील काही भाग असा पात्याच्या रूपाने परत टोकाला लागला.

ही बंदूक इशापूरच्या कारखान्यात होऊ लागली आणि ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने आपल्या पोलिसांच्या भाषेत रुजली. हे नाव व्यासाचे आहे, लांबीचे नाही. १९६२ च्या चीन युद्धात आपले जवान मुख्यतः याच बंदुकीनिशी लढले. त्यानंतर जी स्वयंभरणी रायफल सर्वत्र आली ती एस. एल. आर. : चाप एकदा ओढला की एक गोळी सुटावी आणि दुसरी आपोआप नळीत यावी, अशी. तिची नळी सुमारे २१ इंचांची.

येथे भीमा ओलांडून दौंडला यावे लागते. या रेल्वे जंक्शनच्या गावी राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ व ७ आहेत, आणि जवळच नानवीज येथे त्या बलाचे प्रशिक्षण केंद्र. शिरूरच्या छावणीत जे स्थान चकमकीच्या बंदुकीचे, ते या पिढीतील पोलीस-शिपायांच्या आठवणीत एस. एल. आर.चे आहे. स्वयंभरणी शस्त्राच्या नळीचा विचार पूर्वीपेक्षा गुंतागुंतीचा असतो. आजवर नळीचे काम एकच होते, गोळी ढकलणे. आता तिला दुसरे काम लागले. नळीला वरच्या बाजूस एक लहान छिद्र असते. गोळी तेथून पुढे गेली की मागचा थोडा वायू त्या छिद्रातून दट्ट्यावर येतो आणि बंदूक स्वतः उघडते, रिकामे काडतूस टाकते व नवे घेते. गोळी तोंडाबाहेर पडेपर्यंतच तो दाब टिकतो. म्हणून छिद्रापासून तोंडापर्यंतची लांबी फार कमी झाली तर यंत्र अर्धवट चालते, आणि ते भरून काढण्यासाठी छिद्र, वायू, स्प्रिंग सर्वांचा मेळ नव्याने घालावा लागतो. तोड्याच्या बंदुकीची नळी लोहार वीतभर कापून देऊ शके. या बंदुकीत सर्व अवयव एकमेकांना बांधलेले असतात.

तरीही निवड करावीच लागते. एस. एल. आर.च्या गोळीला २१ इंचांत सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेग मिळतो. छत्रीधारी सैनिकांसाठी याच बेल्जियन कुळातील बंदुकीची सुमारे १८ इंची आवृत्ती निघाली आणि थोडा वेग त्यांनी राजीखुशीने सोडला. आपल्या इन्सास रायफलीची नळी ४६४ मिलीमीटर, म्हणजे सव्वाअठरा इंच, नव्या ए. के.-२०३ ची ४१५ मिलीमीटर, सव्वासोळा इंच. कारणे उघड आहेत. सैनिक आता रांगेत उभा राहत नाही, त्याच्या कानामागून कोणी बार काढीत नाही, घोडदळ त्याच्यावर चालून येत नाही. तो वाहनातून उतरतो. राखीव पोलिसाला तर मालमोटारीच्या फळीवर, रेल्वेच्या डब्यात, जिन्यावर हे हत्यार सांभाळावे लागते. त्याच्या दृष्टीने पल्ल्याचे शेवटचे शंभर मीटर हे बहुधा कधीच न वापरायचे ओझे असते. दौंडमध्ये एका निवृत्त हवालदारांनी मला एस. एल. आर.विषयी पहिली गोष्ट सांगितली ती तिच्या माऱ्याची नव्हे, तर गाडीच्या दारात तिचे तोंड कसे अडकते याची.

कायद्याने नळीच्या लांबीकडे आणखी एका दृष्टीने पाहिले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरविले. त्यानंतर वर्षभरातच, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांच्या लोकांनी शिरूर तालुक्यातील धामारी गावावर पहिला छापा घातला. त्या काळच्या सरकारला भीती लांब नळीची होती, गढीच्या जंगीतून बाहेर येणाऱ्या. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याखाली जे १९६२ चे नियम झाले त्यांच्या पहिल्या परिशिष्टात मात्र, स्वयंभरणी शस्त्रे आणि २० इंचांहून आखूड नळीच्या गुळगुळीत बंदुका यांना एकाच उपवर्गात घातले होते. एका प्रकारात भीती वेगाने सुटणाऱ्या गोळ्यांची, दुसऱ्यात धोतराआड लपणाऱ्या नळीची. २०१६ मध्ये ते नियम जाऊन नवे आले. वाड्यातील त्या पाच वीत नळीला परवाना आहे. वृद्धांनी तो जपून ठेवलेला दाखविला, आणि बंदूक पुन्हा भिंतीला लावताना दस्ता खाली व तोंड आढ्याकडे येईल अशा बेताने खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. नळी आडवी लावण्यास त्या भिंतीवर जागा पुरत नव्हती.